पुडीवर औषधाचं नाव छापा: ब्रॉयलर कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
मराठवाड्यात करारावर ब्रॉयलर कोंबड्या पाळून घेणाऱ्या सर्व कंपन्यांचे व्यवस्थापक यांसी

प्रत माहितीसाठी: राज्याचा पशुसंवर्धन विभाग, अन्न व औषध प्रशासन आणि आठही जिल्ह्यांतले शेडवाले शेतकरी

स.न.वि.वि.

आपल्यापैकी एका कंपनीनं या वर्षीपासून शेतकऱ्याला द्यायच्या औषधांच्या पुड्यांवरचं नाव काढून टाकलंय. आता पांढरी प्लास्टिकची पुडी येते, तिच्यावर मार्करनं एक आकडा. सुपरवायझर मोटारसायकलवरून उतरतो, पिलांचं वय विचारतो, मरतूक मोजतो आणि सांगतो, "आजपासून चार नंबर. पाच दिवस, सकाळच्या पाण्यात." माझ्या भावानं विचारलं, चार नंबर म्हणजे कोणतं औषध? "दादा, नाव कळून काय करायचंय तुम्हाला? पक्षी कंपनीचे, औषध कंपनीचं." मग कंपनीच्या कार्यालयात लेखी अर्ज दिला. लेखी उत्तर आलंच नाही. फोनवर एवढं कळलं, की आमचं मांस तपासलेलं असतं, त्यात औषधाचा अवशेष निघत नाही, काळजी करू नका.

हे पत्र त्या फोनवरच्या उत्तराला आहे. कंपनीचं नाव घेत नाही. एक तर नाव छापलेली पुडी देणाऱ्या बाकीच्या कंपन्यांकडं सगळं आलबेल आहे असं मला म्हणायचं नाही. आणि आज एकीनं केलेलं उद्या सगळ्या करतील, ही भीती आहे.

मी लातूरला एका खासगी लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजीचं काम बघते. माहेर आडबाजूच्या खेड्यात आहे. तिथं भावाचं शेड आहे, कर्ज काढून उभारलेलं. सोयाबीनच्या भावाचा भरवसा नाही, पावसाचा तर कधीच नव्हता. बॅच गेली की दीड-दोन महिन्यांनी का होईना, हातात रोख पैसा येतो, त्यावर पोरांच्या फिया निघाल्यात. त्यामुळं ज्यांना कोंबडीचा धंदाच बंद पाडायचा आहे त्यांच्यातली मी नाही.

गेल्या पावसाळ्यात वहिनीच्या लघवीचा नमुना माझ्याच टेबलावर आला. तिला जळजळ, ताप, पुन्हा जळजळ असं चाललं होतं आणि गावातल्या गोळ्यांनी फरक पडत नव्हता. आम्ही काय करतो ते सांगते. नमुन्यातला जंतू वाढवून प्लेटवर सगळीकडं सारखा पसरवायचा, त्यावर वेगवेगळ्या औषधांच्या कागदी चकत्या ठेवायच्या आणि प्लेट रात्रभर शरीराइतक्या उबेत ठेवायची. औषध लागू पडत असेल तर सकाळी त्या चकतीभोवती स्वच्छ गोल दिसतो. तो पट्टीनं मिलिमीटरमध्ये मोजायचा. वहिनीच्या प्लेटवर सिप्रोफ्लॉक्सासिनच्या चकतीला जंतूंची वाढ अगदी चिकटून आली होती. टेट्रासायक्लिनचं तेच, को-ट्रायमॉक्साझोलचं तेच, सेफ्ट्रायॲक्सोनचंही तेच. रिपोर्टवर 'आर', 'आर', 'आर' (रेझिस्टंट, म्हणजे औषध लागू पडत नाही) असं लिहीत गेले. नायट्रोफ्युरँटॉइन आणि शिरेतून द्यायची एक-दोन इंजेक्शनं तेवढी उरली. वहिनी त्यातून बरी झाली.

ती आजवर कधी दवाखान्यात भरती झालेली नाही. दोन्ही बाळंतपणं घरीच झाली. शेडमध्ये मात्र पहाटेपासून असते: पक्ष्यांना पाणी देणारे निपल पुसणं, मेलेले पक्षी वेचणं, खाली अंथरलेलं भिजलेलं तूस उलथणं आणि तुमची पुडी बादलीत हातानं कालवणं. तिचा जंतू शेडमधूनच आला, हे मी सिद्ध करू शकत नाही. त्याला दोन्हीकडच्या जंतूंची जनुकं वाचून ताडून बघावी लागतात आणि तशी सोय आमच्याकडं नाही. पण जी वाट मोकळी आहे, ती मोकळी आहे एवढं तर म्हणता येतं. आणि ती वाट तुमच्या 'अवशेष नाही' या उत्तरानं बंद होत नाही.

अवशेष म्हणजे मांसात उरलेलं औषध. मी औषधाबद्दल विचारत नाहीये, त्या औषधानं घडवलेल्या जंतूंबद्दल विचारतेय. औषध चार दिवसांत पक्ष्याच्या अंगातून निघून जाईल, तुमचा तपासणी अहवाल कोरा येईल. पण त्याच चार दिवसांत आतड्यात कोणते जंतू उरले आणि ते विष्ठेतून कुठं गेले, हे त्या अहवालात येत नाही.

जंतूंमध्ये औषधाला दाद न देण्याचा गुण दोन रीतींनी वाढतो. एक रीत बहुतेकांना ठाऊक असते: औषधानं कच्चे जंतू मरतात, निबर उरतात आणि त्यांचीच वीण वाढते. दुसरी जास्त घातक. पुष्कळ जंतूंच्या पेशीत मुख्य गुणसूत्राशिवाय डीएनएची छोटी गोल कडी असते, तिला प्लाझ्मिड म्हणतात. औषध निकामी करणारी जनुकं बऱ्याचदा या कडीवर बसलेली असतात. एक जंतू बारीक धाग्यानं शेजारच्याला जवळ ओढतो आणि कडीची नक्कल त्याच्या पेशीत सोडतो. परीक्षा केंद्रात कॉपीची झेरॉक्स फिरते तसं हे. देणाऱ्याची प्रत कमी होत नाही आणि घेणारा लगेच पुढच्या बाकावर सरकवतो. (आपल्या भागात ही उपमा फोडून सांगावी लागत नाही.) घेणारा त्याच जातीचा असावा अशीही अट नाही. कोंबडीच्या आतड्यातला ई-कोलाय नावाचा निरुपद्रवी जंतू ही कडी जुलाब लावणाऱ्या साल्मोनेलाला देऊ शकतो. माणसाच्या पोटात पोचला तर तिथल्या क्लेबसिएला या न्यूमोनिया करू शकणाऱ्या जंतूलाही देऊ शकतो. तो पाहुणा ई-कोलाय स्वतः दोन दिवसांत मेला तरी कडी मागं राहते. शिवाय मेलेल्या जंतूचा सुटा डीएनए काही जंतू उचलून घेतात आणि जंतूंना लागणारे विषाणूही जनुकं इकडची तिकडं करतात.

हे नवं ज्ञान नाही. जंतू आपसांत जनुकांची देवघेव करतात हे जोशुआ लेडरबर्ग आणि एडवर्ड टेटम यांनी १९४६ मध्येच दाखवलं. १९५० च्या दशकात जपानमध्ये हगवणीच्या जंतूंमध्ये एकदम तीन-चार औषधांचा प्रतिरोध सापडू लागला. तो एका जंतूकडून दुसऱ्याकडं एकगठ्ठा जातो, हेही तिथल्या संशोधकांनी दाखवून दिलं. या एकगठ्ठ्याकडं जरा लक्ष द्या. एकाच कडीवर चार औषधांविरुद्धची जनुकं असतील, तर तुम्ही त्यातलं एकच औषध पाण्यात टाकलं तरी चारही जनुकं टिकतात, वाढतात. म्हणजे शेडमध्ये नुसती डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन, टेट्रासायक्लिनच्याच गटातलं औषध) चालली तरी गाव दुसऱ्याच औषधाला मुकू शकतं.

कोंबडीपासून माणसापर्यंतचा प्रवास कुणी तपासलाय का? तपासलाय, आणि तोही मुद्दाम प्रयोग करून. संशोधक स्टुअर्ट लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत बोस्टनजवळच्या एका शेतावर कोंबड्यांना टेट्रासायक्लिन मिसळलेलं खाद्य दिलं. निष्कर्ष १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. आठवड्याभरात कोंबड्यांच्या आतड्यातले जवळजवळ सगळे ई-कोलाय त्या औषधाला निबर झाले. काही महिन्यांत त्याच जंतूंमध्ये खाद्यात कधीच न घातलेल्या औषधांचाही प्रतिरोध दिसू लागला. आणि पाच-सहा महिन्यांत त्या शेतावर राहणाऱ्या कुटुंबाच्या पोटात टेट्रासायक्लिनला न जुमानणारे जंतू शेजाऱ्यांच्या मानानं कितीतरी जास्त सापडले. त्या कुटुंबानं औषधाची गोळी घेतली नव्हती. ज्या घरातली माणसं शेडमध्ये राबतात त्या घराला पहिला फटका बसतो, हे तेव्हापासून छापील आहे.

दुसरा दाखला कोलिस्टिनचा. सगळी औषधं हरली की अतिदक्षता विभागात जे शेवटचं काढतात, ते हे. तेच औषध वर्षानुवर्षं कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात वाढीसाठी घातलं गेलं. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये चीनमधल्या संशोधकांनी कोलिस्टिन निकामी करणारं एमसीआर-१ नावाचं जनुक प्लाझ्मिडवर बसलेलं सापडल्याचं जाहीर केलं. त्यांनी तपासलेल्या ई-कोलायपैकी कत्तलीच्या जनावरांतल्या २१ टक्क्यांत ते होतं, कच्च्या मांसावरच्या १५ टक्क्यांत होतं, आणि दवाखान्यात भरती रुग्णांच्या नमुन्यांत १ टक्क्याच्या आसपास. या आकड्यांचा उतार बघितला की जनुक कुठून कुठं निघालंय याचा अंदाज येतो. चीननं २०१७ मध्ये खाद्यातलं कोलिस्टिन बंद केलं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांतच जनावरांत आणि माणसांत त्याचं प्रमाण ठळकपणे घटलं. थांबवलं तर उतरतं, हे यातून कळतं. भारत सरकारनंही १९ जुलै २०१९ च्या अधिसूचनेनं अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत, कोंबड्यांत आणि खाद्यपूरकांत कोलिस्टिनवर बंदी घातली.

आता माझ्या तक्रारी.

पहिली पुडीची. कोलिस्टिनवर बंदी आहे हे माझ्या भावाला ठाऊक आहे. पण चार नंबरमध्ये काय आहे हे ठाऊक नसेल, तर बंदी पाळली जातेय की नाही हे त्यानं कसं ओळखायचं? तुम्ही ती मोडताय असा माझा आरोप नाही. मोडली तरी कुणाला कळू नये अशी सोय मात्र तुम्ही करून ठेवलीय. औषधाच्या वेष्टनावर नाव, बॅच नंबर, मुदत हवी हे औषधांचे १९४५ चे नियमच सांगतात. जनावरांच्या औषधावर तर पाळीव जनावराच्या डोक्याचं चित्र आणि 'माणसांसाठी नाही' अशी ओळही लागते. भावाच्या घरात ही पुडी साखरेच्या डब्याशेजारी फळीवर असते आणि दिसायला ग्लुकोजसारखी असते. घरात लहान लेकरं आहेत.

दुसरी, आजार नसताना औषध देण्याची. पिलं उतरली की पहिल्या आठवड्यात एक कोर्स, मध्ये एक, ढग आले की एक. राणीखेत विषाणूचा आजार आहे, गंबोरो विषाणूचा आहे. अँटिबायोटिकचा त्या विषाणूंवर काडीचा परिणाम होत नाही. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडं पारा ४० च्या वर जातो, पक्षी चोच उघडी टाकून धापा टाकतात, पटापट मरतात. तेव्हा लागतात फॉगर, ओली गोणपाटं, मोकळी हवा, थंड पाणी आणि शेडमध्ये कमी पक्षी. त्याऐवजी येते पुडी, कारण पुडी स्वस्त पडते. एक मान्य करते: शेतकरीही ती नाकारत नाही. मरतूक ठरल्यापेक्षा वर गेली, एफसीआर (किती खाद्याला किती वजन भरलं तो हिशोब) बिघडला की तुम्ही त्याच्या पैशांना कात्री लावता. मग तो कशाला नाही म्हणेल? करारच असा लिहिलाय की जास्त औषध घालणारा फायद्यात राहतो.

तिसरी, औषध निवडण्याची. एन्रोफ्लॉक्सासिन हे जनावरांचं अँटिबायोटिक कोंबडीच्या अंगात गेल्यावर त्याचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सासिन होतो. म्हणजे वहिनीला जी गोळी लिहून दिली गेली, तिचंच भावंड शेडच्या टाकीत. कोंबड्यांत निबर झालेले जंतू माणसांपर्यंत पोचतात या कारणावरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २००५ मध्ये कोंबड्यांसाठी एन्रोफ्लॉक्सासिनची परवानगी काढून घेतली. आमच्याकडं ते कुठल्याही पशू-औषधाच्या दुकानात लिटरच्या बाटलीत मिळतं.

चौथी, औषध कधी थांबवायचं याची. २०१२ पासून नियम आहे, की अन्नासाठीच्या जनावरांच्या औषधावर शेवटची मात्रा आणि कत्तल यांच्यात किती दिवस जाऊ द्यायचे ते छापलं पाहिजे, आणि ते छापलेलं नसेल तर मांसासाठी निदान २८ दिवस धरायचे. तुमचा पक्षी ४० दिवसांच्या आसपास उचलला जातो. बिननावाच्या पुडीला हा हिशोब लावला तर बाराव्या दिवसानंतर तिला हातच लावता येणार नाही. प्रत्यक्षात लिफ्टिंगची गाडी कधी येणार हे शेतकऱ्याला आदल्या रात्री कळतं.

पाचवी तक्रार माझ्या दृष्टीनं सगळ्यांत मोठी आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलतच नाही. बॅच गेली की शेडमधलं तूस, त्यात दीड महिन्याची विष्ठा, ट्रॉली भरून शेतात जातं. कोंबडखताला मागणी आहे. उसाला जातं, हिंगोली-नांदेडकडं हळदीला जातं, कन्नड-खुलताबादकडं आल्याला. बहुतेक वेळा ते कच्चंच पसरतात. त्याच रानात कडेला कोथिंबीर, मेथी, कांद्याची पात असते आणि ती आपण कच्ची खातो. पहिल्या मोठ्या पावसाला सगळं ओढ्यात, ओढ्यातून विहिरीत. शिजवलेल्या कोंबडीतला जंतू मरतो हे खरंच आहे; रश्श्याला कुणी दोष देत नाहीये. ही जनुकं तुमच्या कत्तलखान्याच्या दारातून निघायच्या आधीच शेडच्या मागच्या दारानं निघालेली असतात: खतातून, पाण्यातून, माश्यांच्या पायांवरून, ओढ्याकाठी टाकलेले मेलेले पक्षी ओढणाऱ्या कुत्र्यांच्या तोंडातून आणि शेडवाल्यांच्या हातांवरून. शेडची टाकी आणि घराची टाकी एकाच बोअरवर असते आणि उन्हाळ्यात दोन्हींत एकच टँकर रिकामा होतो. खताचं काय करायचं, मेलेले पक्षी कुठं पुरायचे, चुना आणि हातमोजे कुणी द्यायचे, यावर करारात एक ओळ नाही.

कुणी म्हणेल, सगळं खापर आमच्याच डोक्यावर का? बरोबर आहे, सगळं नाही. चिठ्ठीशिवाय गोळ्या देणारी मेडिकलं आहेत, सर्दीला अँटिबायोटिक लिहिणारे डॉक्टर आहेत, म्हशीला दगडी (कासेची सूज) झाली की चार दिवसांत तीन औषधं बदलणारे आमच्यासारखे शेतकरीही आहेत. एनडीएम-१ हे, दवाखान्यातली कार्बापेनेम गटाची राखीव अँटिबायोटिक्स निकामी करणारं जनुक २००८ मध्ये, भारतात उपचार घेतलेल्या एका स्वीडिश रुग्णात सापडलं आणि २०११ मध्ये दिल्लीच्या गटारांच्या आणि नळांच्या पाण्यात. ते जनुक मुख्यतः माणसांच्या दवाखान्यांतल्या औषधांनी पोसलेलं आहे, त्याचं खापर कोंबडीवर फोडता येत नाही. माणसांकडून जनावरांकडंही ही ये-जा चालते. या मेडिकलवाल्यांना, डॉक्टरांना, शेतकऱ्यांना वेगळी पत्रं लिहावी लागतील. पण त्यांच्यातल्या कुणी औषधाचं नाव खोडून दिलेलं नाही.

मागण्या अशा:

१. प्रत्येक पुडीवर, बाटलीवर औषधाचं नाव, प्रमाण, बॅच नंबर, मुदत आणि थांबवायचे दिवस मराठीत छापा. आकड्यांच्या पुड्या आजपासून बंद करा, शेडमध्ये पडलेल्या परत न्या.

२. नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या सहीची, नोंदणी क्रमांकाची चिठ्ठी नसेल तर अँटिबायोटिक शेडमध्ये येऊ नये. सुपरवायझर म्हणजे पशुवैद्यक नव्हे. चिठ्ठीची एक प्रत शेतकऱ्याच्या बॅच कार्डाला लावा.

३. वाढीसाठी आणि 'असावं म्हणून' अँटिबायोटिक देणं थांबवा, तयार खाद्यातही. युरोपीय संघानं वाढीसाठीचा वापर १ जानेवारी २००६ पासून बंद केला आणि तिथं लोक अजून कोंबडी खातात.

४. आजार आला तर आधी नमुना तपासा. परभणीला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, उदगीरला आहे, दोन्हीकडं सूक्ष्मजीवशास्त्राचे विभाग आहेत. प्रत्येक नमुन्याला पुणं गाठायची गरज नाही. तपासणीचा खर्च कंपनीनं सोसावा.

५. औषध थांबवल्यानंतरचे दिवस भरेपर्यंत पक्षी ठेवावे लागले तर त्या दिवसांचं खाद्य आणि मोबदला कंपनीनं द्यावा. तो शेतकऱ्याच्या एफसीआरमध्ये धरू नये.

६. कोंबडखत ढीग करून, पाणी मारून, उलथून नीट कुजवल्याशिवाय शेडबाहेर जाऊ नये. आतली उष्णता चांगली चढली तर बरेच जंतू मरतात. जनुकं पूर्ण संपत नाहीत, पण भार खूप कमी होतो. त्यासाठीची जागा, मेलेल्या पक्ष्यांसाठी खड्डा, चुना, हातमोजे हे करारात लिहा.

७. वर्षाला कोणतं अँटिबायोटिक किती किलो वापरलं, याचा जिल्हावार आकडा जाहीर करा.

पशुसंवर्धन विभागाकडं आणि अन्न व औषध प्रशासनाकडं एकच मागणी. तपासणीला मांसाच्या दुकानात जाता तसे शेडमध्ये या, फळीवरच्या पुड्या बघा, आणि मांसाबरोबर खताचा आणि शेडजवळच्या विहिरीच्या पाण्याचाही नमुना घ्या. शेतकऱ्यावर कारवाई करू नका; त्याच्या हातात काय दिलंय हे त्यालाच सांगितलेलं नाही.

पत्राखाली माझं नाव नाही. ते दिलं तर कोणतं शेड आणि कोणता भाऊ हे तासाभरात कळेल. मग पिलं देताना त्याचा नंबर मागं जाईल, आणि शेडच्या कर्जाचा हप्ता काही मागं जात नाही. आपण या पत्राला जाहीर उत्तर दिलंत, पहिल्या मागणीला नुसतं हो किंवा नाही एवढं जरी छापलंत, तरी मी नावानिशी, रिपोर्टच्या प्रतीसह समोर यायला तयार आहे.

कळावे.

करारावर शेड चालवणाऱ्या एका शेतकऱ्याची बहीण,
जिल्हा लातूर